सुपारी न मिळालेली गाडी

मित्रांनो, लपाछपी खेळताना तुम्ही ज्या मोडक्या चाकामागे दडता ना, ते चाक माझं. मी एक जुनी बैलगाडी आहे, आणि साधीसुधी नव्हे, वडपेठ नगरपालिकेचा कचरा वाहणारी! हसू आलं? खुशाल हसा. माझी हकीकत ऐकून झाली की मग बघू कोण हसतं ते.

वेल्ह्याच्या एका सुताराने मला जुन्या, मुरलेल्या बाभळीतून घडवलं. कोंडिबा गाडीवानाने मोठ्या हौसेने मला घरी आणलं तेव्हा वाटलं, आता आपण धान्याची पोती वाहू, माहेरवाशिणींना जत्रेला नेऊ. पण वडपेठ हे भोर संस्थानातलं बाजाराचं गाव; तिथे नगरपालिका झाली, आणि गावाचा कचरा उचलायचं काम कोंडिबाला मिळालं. गाडी त्याची, बैल त्याचे आणि घाण साऱ्या गावाची. मी दिसले की लोक रस्ता सोडून उभे राहत. मला फार राग यायचा. अहो, कचरा तुमचाच ना?

हा कचरा मी टाकायची खालच्या आळीच्या विहिरीशेजारी. गावाबाहेर माळ मोकळा पडला होता, पण त्याला लागून मानसिंगराव इनामदारांचा मळा. पालिकेचे सभासद तेव्हा वरून नेमले जात आणि मानसिंगराव त्यातले वजनदार. त्यांच्या मळ्याला वास नको म्हणून विहिरीला घाण! पावसाळ्यात सगळं वाहून पाण्यात उतरायचं. ठकुबाई नावाच्या म्हातारीची नात, चंद्रा, दर पावसाळ्यात आजारी पडे. मागच्या वर्षी तर मरता मरता वाचली होती.

"कोंडिबा," ठकुबाई एकदा माझ्या दांडीला धरून म्हणाली, "औंदा पोर वाचंल असं मला वाटत न्हाई रं."

कोंडिबाने मान खाली घातली. मलाही माझ्या ओझ्याची लाज वाटली.

आणि मग, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधी, नवा कायदा आला. सभासद आता लोकांनी निवडायचे, आणि कचरा कुठे टाकायचा हे त्या सभासदांनी ठरवायचं. घरपट्टी ज्याच्या नावावर, मत त्याचं. मग तो पुरुष असो की बाई. आमच्या भागातून मानसिंगराव उभे राहिले आणि त्यांच्यासमोर खालच्या आळीचा भाजीवाला रखमाजी. त्याचं म्हणणं एकच, माळावर खड्डे खणू, कचऱ्याचं खत करू, विहीर मोकळी करू. बाकीचे सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सारं काही या एका जागेवर अडलं होतं.

अडचण अशी की घरं सगळी म्हाताऱ्यांच्या नावावर, आणि मतदान वरच्या चावडीत. मधला चढ तरण्या माणसाचाही दम काढणारा. गुडघे धरून चालणाऱ्यांनी तो चढायचा कसा?

आमच्याकडे रीत अशी, की गाडीवानाने एकदा सुपारी घेतली की तो शब्दाला बांधला गेला. मतदानाच्या दिवशी गाड्यांनी फक्त आपलीच माणसं चावडीत न्यावीत म्हणून मानसिंगरावांनी गावातल्या एकूणएक गाडीवानाला सुपारी धाडली. त्यांचा माणूस कोंडिबाच्या दारावरून मात्र सरळ पुढे गेला. कचऱ्याची गाडी ती काय गाडी!

कोंडिबा आधी हिरमुसला. मग एकदम मांडीवर थाप मारून हसायला लागला.

"आगं, तू मोकळी हाईस की!" तो मला म्हणाला.

त्याने मला नदीवर नेऊन राखेने, वाळूने घासलं. बैलांच्या शिंगांना लालभडक हिंगूळ लावला, जुवाला झेंडूची माळ बांधली. मतदानाच्या सकाळी मी खालच्या आळीत उभी राहिले तेव्हा नवरीसुद्धा इतकी नटत नसेल. पण कोणी चढेना! म्हातारे चिमाजी दोन पावलं मागेच सरले.

"धुतली म्हून काय झालं? हाय तर घानीचीच गाडी," ते म्हणाले.

ठकुबाई काठी टेकत पुढे आली. "घान तिची न्हाई, आपली हाय चिमाजी. आपुन टाकली, तिनं वाह्यली. चढा गुमान. न्हाईतर ती घान आपल्या नातवंडांच्या पोटात जायाची."

ती स्वतः आधी चढली. मग चिमाजी चढले, मग सखूबाई, मग सारी आळी. मित्रांनो, त्या दिवशी मी किती खेपा केल्या ते मलाच ठाऊक नाही. बैलांच्या तोंडाला फेस आला, माझा कणा करकरला, पण मी थांबले नाही. सजवलेल्या गाड्यांतून आलेली मंडळी आमच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी चावडीवर निकाल पुकारला. रखमाजी निवडून आला! गुलाल माझ्या चाकांवरही उधळला गेला. पुढे मानसिंगरावांनी गाड्यांना सुपारी देताना कोंडिबाला कधी वगळलं नाही, आणि कोंडिबाने ती कधी घेतली नाही.

माळावर खड्डे तयार झाले. पहिली खेप घेऊन मी पाराशी आले, जिथे एक रस्ता विहिरीकडे उतरतो आणि दुसरा माळाकडे चढतो. कोंडिबाने कासरा माळाकडे ओढला, पण बैल सवयीने विहिरीच्याच वाटेला वळले. काही केल्या ऐकेनात. तेवढ्यात खालच्या आळीतून माणसं धावत आली. मी कचऱ्याने काठोकाठ भरलेली, तरी कोणी मागे सरलं नाही. चिमाजींनी माझ्या चाकाला खांदा लावला. ठकुबाईने चाकाच्या आऱ्याला हात घातला. लहानग्या चंद्रानेही आपले इवलेसे हात माझ्या साट्याच्या मागच्या फळीला टेकवले.

"लावा जोर!" रखमाजी ओरडला.

मुलांनो, तुम्हालाही उद्या मत मिळेल. तेव्हा कंटाळा करू नका, आणि तुमचा कचरा जो वाहतो त्याच्यापासून दूर सरू नका. कारण त्या सकाळी साऱ्या आळीने मिळून मला उचलून वळवलं, आणि मी माळाच्या चढाला लागले.