चौक खोदला तो उन्हाळा

गडचिरोली जिल्हा झाला आणि दोन-तीन वर्षांत गावात कचेऱ्याच कचेऱ्या झाल्या. कचेऱ्यांबरोबर खुर्च्या आल्या, आणि खुर्च्यांमुळे देवाजीला हाताला काम मिळालं. देवाजी आंधळा होता. लहानपणी देवी आल्या, त्यात जीव वाचला पण डोळे गेले. पुढे तो नागपूरच्या अंधशाळेत वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. आता साहेबलोकांच्या बसून बसून फाटलेल्या खुर्च्या चौकापलीकडच्या कचेरीच्या व्हरांड्यात त्याची वाट पाहत असायच्या. तो घरून एकटा निघायचा आणि एकटा परत यायचा. कोणी हात धरू लागलं की म्हणायचा, "राहू द्या भाऊ, माह्या पायायले माहीत हाये."

त्या उन्हाळ्यात चौक रुंद करायचं काम निघालं. झाडं पडली. दुकानांच्या पडव्या मागे सरकल्या, त्यांच्यासमोर खोल नाल्या खोदायला घेतल्या. पावसाच्या आत सगळं संपवायचं होतं म्हणून ठेकेदाराला माणसं पाहिजे होती. देवाजीची बायको रुखमा त्याच कामावर घमेलं उचलायला लागली.

पहिल्या दिवसापासून तिला त्याचीच काळजी होती. ती दिवसभर रस्ता उपसायची आणि त्याच रस्त्यावरून नवरा येणार-जाणार होता. म्हणून संध्याकाळी हातपाय धुतले की ती सारवलेल्या जमिनीवर त्याच्यासमोर बसायची. वेताची पट्टी आडवी ठेवली की ती नाली. चिंचोके ठेवले की गिट्टीचे ढीग. बांबूची कामटी ठेवली की नालीवरची फळी.

"हे बाबूभाईचं सायकलचं दुकान," ती त्याचं बोट धरून तिथे टेकवायची. "दुकान मांगं सरकलं, पन फळी तिथीच हाये. फळी सोडून दुसरीकडून येजा नोका."

देवाजी बोटांनी सगळं चाचपायचा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग म्हणायचा, "समजलं."

सकाळी कामावर पोचल्यावर रुखमा आधी फळी पाहून घ्यायची. जागेवर आहे, हलत नाही, मगच डोक्यावर चुंबळ ठेवायची. मुकादम रामाजी हसायचा. "रुखमाबाई, तू त त्या फळीची मालकीन झाली."

"रामाजीभाऊ, हलवाल तेव्हा मले सांगजा."

"सांगतो ना बाप्पा. शनिवारपर्यंत कोनी हात लावत नाई."

शनिवार अजून यायचा होता, तेवढ्यात एका दुपारी रामाजीनं बायकांना मुरूम भरायला धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या खदानीवर पाठवलं. कोणी मोठे साहेब काम पाहायला येणार असल्याची बातमी अचानक आली होती आणि सगळ्यांचीच धावपळ उडाली होती. रुखमा गिरजाबाईच्या शेजारी ट्रकच्या फाळक्याला धरून उभी होती. ट्रक चौकातून वळला तेव्हा तिला बाबूभाईचं दुकान दिसलं. दुकानासमोर नवीन टोळीची माणसं नालीत उतरली होती. फळ्या काढून बाजूला रचल्या होत्या.

"थांबवा! गाडी थांबवा!" ती ओरडली आणि तिनं केबिनच्या टपावर हात आपटले. इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ट्रक धुरळा उडवत पुढे गेला.

खदानीवर उतरल्या उतरल्या तिनं ड्रायव्हरला गाठलं. कय्यूम त्याचं नाव. "भाऊ, मले वापस घेऊन चाल. माहा मानूस आंधळा हाये. तो आता निंगन कचेरीतून."

"खाली गाडी कशी नेऊ बाई? रामाजी माह्यावर चिल्लावते. भरू द्या, मग बसा."

मग भरण्यावाचून उपाय नव्हता. रुखमानं अशी घमेली भरली की गिरजाबाईला तिच्याबरोबर हात चालवताना धाप लागली. "एवढी काऊन घाबरतं वो," गिरजाबाई म्हणाली, "लोकं हायेत ना चौकात. कोनीबी धरन त्याले."

"तो धरू देत नाई ना!"

ट्रक भरला तशी रुखमा मुरमावर चढून बसली. तिचं घमेलं गिरजाबाईनं ठेवून घेतलं. वाटेत गाईंचा कळप आडवा आला आणि कय्यूम भोंगा वाजवत राहिला, तेव्हा तिला वाटलं आपण उतरून पळत गेलो असतो तर आधी पोचलो असतो.

चौकात नाली उघडी होती. सकाळपेक्षा खोल झाली होती, कडेची माती ओली आणि भुसभुशीत होती. नवीन टोळी तिथे नव्हतीच. रुखमा रस्ता ओलांडून कचेरीत धावली. चपराशी म्हणाला, "देवाजी? तो त केव्हाचाच गेला. आज साहेबाची गडबड, खुर्च्या लवकर आत घेतल्या."

ती परत आली. बाबूभाई आपल्या मागे सरकलेल्या दुकानात एका चाकाच्या तारा ओढत बसले होते. दुकानासमोर बारदानाचा पडदा टांगला होता, धूळ अडवायला. "मैंने तो देखा नहीं बाई," ते उठत म्हणाले. "ह्या परद्यातून काही दिसत नाई मले. काय झालं?"

रुखमा नालीच्या काठावर गेली. एका जागी कड ढासळली होती. खाली, फुटलेल्या नळातून झिरपलेल्या पाण्यात, एक चप्पल पडली होती. टायरच्या तळव्याची.

ती पदर खोचून खाली उतरली. बाबूभाई वरून "संभालके, संभालके" म्हणत होते. चप्पल चिखलानं भरली होती. तिनं ती पदरानं पुसली, उलटी केली. तसल्या चपला अर्ध्या गावाच्या पायात होत्या. पण अंगठ्याजवळ वेताच्या सालीनं शिवलेला टाका होता. तसा टाका दुसरं कोण घालणार? नाली पुढे वळत होती, तिथे सावली होती. ती चिखलातून तिथपर्यंत गेली. "आवो," तिनं हाक मारली. "आवो, हायेत का?" कोणी नव्हतं. नुसती कुदळीच्या खुणांची भिंत होती.

वर आल्यावर तिला कळेना आधी कुठे जावं. बाबूभाई म्हणाले, "दवाखान्यात पाहून येतो सायकलनं," आणि दुकान तसंच टाकून गेले. रुखमा घराकडे धावली. दाराला बाहेरून कडी होती. शेजारच्या मीराबाईनं नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा चौकात आली तेव्हा नवीन टोळीतले दोघे चहा पिऊन परतत होते. तिनं चप्पल त्यांच्यासमोर धरली.

"अवो, तो आंधळा?" त्यातला जंगू नावाचा माणूस म्हणाला. "पडला ना तो. आमीच काढलं वर. खरचटलं जराकसं."

"मग? कुठी गेला?"

"गेला सरका, नाकासमोर." त्यानं हात उडवला. त्या हाताच्या दिशेला तीन रस्ते फुटत होते.

"तोंड कुठी करून उभा केला त्याले? नीट सांग."

जंगू गोंधळला. त्यानं आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. "तिकडून ओढलं... मंग असा वळला... मी म्हनलं, जा बाबा सरका. तो त जवाबबी देला नाई. तो चामोर्शीकडं गेला असन, नाई रे?"

चामोर्शीचा रस्ता घराच्या अगदी उलट दिशेचा. रुखमा त्या रस्त्यावर पळत सुटली. गावाची शेवटची घरं गेली. एक बैलगाडीवाला भेटला. तिनं विचारलं तर म्हणाला, "काठीवाला? हाव, एका पायात चप्पल. लय जोरात चालत होता. मले वाटलं रागावून चालला कुठी." जोरात चालत होता, हे ऐकून ती आणखी घाबरली. त्या रस्त्यावर जंगलाची लाकडं वाहणारे ट्रक यायचे आणि ते कोणासाठी थांबायचे नाहीत.

पुढे लाकडांचा डेपो होता. फाटकाशी बांबूंच्या थप्पीला टेकून देवाजी बसला होता. धोतर चिखलानं माखलं होतं, कोपरावर रक्त सुकलं होतं. डेपोचा चौकीदार त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

रुखमाला रडू आलं नाही, राग आला. "कुठी चालले होते? इचारता नाई येत कोनाले? तोंड नाई का तुमाले?"

देवाजीनं मान वर केली नाही. "कच्च्या बांबूचा वास आला तवा समजलं, चुकलो म्हून."

"चौकातच काऊन नाई इचारलं?"

"हासून राह्यले होते ते," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू सांगतलं होतं, फळी हाये म्हून."

रुखमा त्याच्या शेजारी मातीतच बसली. "होती," ती म्हणाली. "दुपारपर्यंत होती."

चौकीदारानं तांब्या तिच्या हातात दिला. पाणी पिऊन ती उठली, चप्पल त्याच्या पायाशी ठेवली आणि आपला कोपर पुढे केला. देवाजीनं तो धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण गावातून असं चालायची त्यांची पहिलीच वेळ. वाटेत बाबूभाई सायकलवरून आले, उतरले, आणि काही न विचारता सायकल ढकलत त्यांच्या बाजूनं चालत आले.

दुसऱ्या दिवशी देवाजी घरातून निघाला नाही. रुखमा कामावर गेली ती थेट रामाजीसमोर उभी राहिली. त्याला आधीच सगळं कळलं होतं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"मी तरी काय करू बाई? साहेब सकाळी एक सांगते, दुपारी दुसरं. मलेच मालूम नसते संध्याकाळी कुठी खोदाचं हाये."

"मंग दोर बांधू द्या मले. डांबराच्या टिपावरून टिपावर. जिथी फळी असन तिथपर्यंत. फळी हलली त दोर हलवाचा."

"कोन हलवन?"

"मी हलवीन. तुमी फक्त ट्रकवर बसवून मले दूर धाडू नोका."

रामाजीनं डोकं खाजवलं. साहेबाला काय सांगायचं, हे त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "बांध."

गिरजाबाईनं घरून अंबाडीचा दोर आणला. डांबराची रिकामी टिपं, म्हणजे पत्र्याची पिंपं, रस्त्यावर उभी होती; दोघींनी तो त्यांना गुंडाळला. कचेरीच्या फाटकापासून नालीपर्यंत आणि नालीवरून पलीकडे. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या बायका तो धरून फळी ओलांडू लागल्या. पण गाई त्याला अंग घासून सैल करायच्या, आणि पुढे देवाजी पुन्हा कचेरीत जाऊ लागल्यावर एकदा तर कोण्या ट्रकवाल्यानं ताडपत्री बांधायला त्याचा तुकडाच कापून नेला. त्या दिवशी रुखमा तुटलेलं टोक हातात धरून, घमेलं खाली ठेवून, देवाजी येईपर्यंत उन्हात उभी राहिली. रामाजीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

देवाजी कितीतरी दिवसांनी निघाला, तोही कचेरीचा चपराशी दोनदा बोलवायला आला तेव्हा. दोराला हात लावताना त्याचं तोंड कडू झालं, पण त्यानं तो सोडला नाही. संध्याकाळी तो पूर्वीसारखा वेताच्या पट्टीवरून बोट फिरवायचा, पण "समजलं" म्हणायचा नाही. "उद्या पाहू," म्हणायचा.

पावसाच्या तोंडावर काम उरकलं. नाल्या झाकल्या, डांबर पडलं, टिपं ट्रकमध्ये भरून गेली. टोळी आरमोरीकडच्या कामावर निघाली तेव्हा रामाजीनं रुखमाला चल म्हटलं. तिनं नाही म्हटलं.

रस्ता खरंच चांगला झाला होता. लोक खुश होते, बाबूभाईंच्या दुकानासमोरचा पडदा निघाला होता. पण आता तो इतका रुंद होता की देवाजीला अलीकडे उभं राहून पलीकडच्या कडेचा काही अंदाजच येत नव्हता. गाड्या पूर्वी खड्ड्यांमुळे हळू यायच्या, आता सुसाट यायच्या. पहिल्या दिवशी तो काठी टेकून बराच वेळ उभा राहिला आणि घरी परत आला.

"हा रस्ता माहा नाई राह्यला," तो दारात बसून म्हणाला.

रुखमा लुगडं झटकून उठली, त्याची वेताची जुडी आपल्या काखेत घेतली आणि बाहेर उभी राहिली. थोड्या वेळानं तो उठला.

दोघं चौकाच्या कडेला आले. एक ट्रक गेला. रस्ता मोकळा दिसला तशी ती म्हणाली, "चला."

"थांब," देवाजी तिचा कोपर घट्ट धरून म्हणाला. "एक अजून येऊन राह्यली."

वळणावरून एस.टी. आली आणि गेली. मग ते ओलांडायला लागले, हळूहळू, आणि रस्ता संपेपर्यंत रुखमाची मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळत राहिली.