बाबा कुठून आला

पाळणाघरातल्या मावशी एका बाळाची लाळ पुसत होत्या, तेवढ्यात त्यांचे धाकटे दीर वही घेऊन आले.

"वहिनी, किती परक्या भाषांत 'बाबा' आहे बघा. सगळीकडे आपल्याकडूनच गेला."

जणू यांनीच तो पोस्टाने धाडला होता. स्वतःच्या लेकराला कधी मांडीवर घेतलं नाही, आणि निघाले बाबाचं मूळ शोधायला, मावशींच्या मनात आलं.

बाळाने पंख्याकडे बघून "बाबा" म्हटलं, मग बादलीकडे बघूनही तेच.

"भाऊजी, ओठ मिटून उघडले की तो आपोआप निघतो. कुठल्याच देशातल्या पोराला शिकवावा लागत नाही. आईबाप उगीच हुरळतात."

दिरांनी वहीत लिहिलं, 'सात महिन्यांच्या बाळाचीही साक्ष मिळाली.'

मावशींनी ओलं झालेलं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.