राहुकाळातलं कुलूप

रविवारी सकाळी ऋजुता वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये पोह्यांसाठी कांदा चिरत होती, तेव्हा राजगोपालमामांचा फोन आला. मामा एरवी आधी जेवणखाण विचारत, मग तिच्या सांगलीच्या आईची तब्येत, आणि मग कुठे मुद्द्यावर येत. आज त्यांनी नमनाला थेंबभरसुद्धा तेल घातलं नाही.

"ऋजुता, तुझें कुलूप मलाच बाहेर काढलें!"

मग त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची लाल अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. घड्याळात फेरफार आढळला आहे. हे सॉफ्टवेअर दोन दिवस बंद राहील.

ऋजुताने सुरी खाली ठेवली. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. आणि आज संध्याकाळी पाच वाजता मैलापूरच्या एका सभागृहात मामांच्या नातीची, हरिणीची, पहिली हरिकथा होती. साथीला मृदंग मामांचा.

मामांचा म्हणजे कसा, ते सांगायला हवं. राजगोपालमामा नात्याने तिचे कुणी नव्हेत, तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कधी तिकडे गेले हे त्यांनाही सांगता येत नाही, पण साकी-दिंडी-ओवी गाणारी मराठी हरिकथा त्या घराने सोडली नाही, आणि मामांनी जन्मभर तिला मृदंगाची साथ केली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या मनगटातली ताकद हळूहळू जाणार. तेव्हा ऋजुताने त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं, भिंतींना रजया टांगल्या, पंखे बंद केले आणि घामाच्या धारांत त्यांचा एकेक बोल ध्वनिमुद्रित केला. हलका, भारी, ओला, सुका, सगळे. त्यातून तिचं सॉफ्टवेअर तयार झालं. आता संगणकाला जोडलेल्या, रबरी चौकोनांच्या एका चपट्या पेटीवर बोटं नुसती टेकवली की मामांचीच थाप वाजे. जगातल्या कुणालाही ती वाजवता यायची, पण मामांइतकी मामांसारखी कुणाला येणार? मनगट गेलं होतं, लय थोडीच गेली होती.

ती गाडी पकडून मैलापूरला पोचली आणि मामांच्या घरात शिरली, तर भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊच वाजलेले. तिचा फोन साडेअकरा दाखवत होता.

"मामा, हे घड्याळ बंद पडलंय का?"

"कशास बंद पडेल? चांगलें चालतें. मीच मागें केलों."

"आणि संगणकाचं?"

"तेंही मीच केलों," मामा म्हणाले, जणू तिने कॉफीत साखर कुणी घातली असं विचारलं होतं.

हरिणी आतून कॉफीचे पेले घेऊन आली. वीस वर्षांची मुलगी, पण रडून रडून डोळे दहा वर्षांच्या मुलीसारखे झाले होते. "अक्का, आज रविवार. साडेचार ते सहा राहुकाळ. मोठे कलाकार त्या वेळीं पाय ठेवत नाहींत म्हणून ती वेळ नव्या मुलांना देतात. मग ताता म्हणाले, मी बघतों."

ताता म्हणजे आजोबा. आणि तातांनी बघितलं ते असं, की घरातली सगळी घड्याळं दोन तास मागे नेली. भिंतीवरचं, हातावरचं, आणि वाद्याचं म्हणून संगणकाचंसुद्धा. म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी मृदंगाच्या हिशेबी तीनच वाजलेले. ना राहुकाळ, ना दोष.

"आमचे अप्पाही असेंच करत होते," मामा म्हणाले. "काटा मागें, नमस्कार, आणि आरंभ. देवाला चालतें, तुझ्या कुलपाला कां चालत नाहीं?"

ऋजुताला हसू आलं, पण ते लगेच विरलंही. कारण घड्याळ मागे फिरवणं ही फुकट्यांची सर्वात जुनी युक्ती. महिनाभर वापरून बघायला द्यावं, तर लोक संगणकाची तारीख दर महिन्याला मागे नेऊन वर्षानुवर्षं तोच महिना जगतात. त्यांना धडा शिकवायला म्हणून तिने ही तरतूद केली होती आणि मोठ्या फुशारकीने आपल्या भागीदाराला, शार्दूलला, सांगितलं होतं की हे कुलूप एकदा लागलं की मलासुद्धा उघडता येणार नाही. जाळं टाकलं होतं चोरांसाठी आणि त्यात सापडला राहुकाळ टाळणारा एक म्हातारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्यातही गंमत अशी की एवढं पक्कं कुलूप मागितलं होतं संन्याशानेच. तरुणपणी मामांनी वाजवलेल्या कॅसेटी बाजारात दुसऱ्याच कुणाच्या नावाने विकल्या गेल्या होत्या. सॉफ्टवेअर तयार झालं तेव्हा त्यांनी ऋजुताला बजावलं होतं, "कुलूप घट्ट घाल गे. माझे हात परत कोणी नेऊं नये." आणि तिलाही ते पटलं होतं. तिने याआधी तंबोऱ्याचं एक सॉफ्टवेअर केलं होतं. एका ओळखीच्या गायकाला भिडेखातर त्याची बिनकुलपाची प्रत दिली. ती आठवडाभरात गावभर झाली, धंदा बसला, आणि ऋजुताला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे आकडे तपासत दिवस काढावे लागले. त्या कारखान्यातून ती बाहेर पडली ती मामांच्या मृदंगावर आणि या कुलपाच्या भरवशावर.

"दुसरा कोणी मृदंगवाला?" तिने विचारलं.

"मिळेल," मामा शांतपणे म्हणाले. "पण हिला मी बोललों होतों. तुझ्या पहिल्या कथेला मी बसतों म्हणून." मग त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "पुढच्या वर्षीं बोटेंही ऐकतील कीं नाहीं, कोणास ठाऊक."

मग हरिणी चाचरत म्हणाली, "अक्का, रागावूं नका. कॉलेजांत एकाकडे तुमचें हेंच सॉफ्टवेअर आहे. कुलूप नसलेलें. सगळेच वापरतात. मागितलें तर आत्ता पाठवेल."

म्हणजे फुटलंच होतं! महिने घालवून केलेलं कुलूप चोरांनी कधीच खिशात घातलं होतं आणि आता ते फक्त पैसे देऊन घेणाऱ्यांच्या दाराला तेवढं लटकत होतं. पण घड्याळाकडे, म्हणजे फोनमधल्या खऱ्या घड्याळाकडे, बघून तिने मान डोलावली. "मागव."

चोरीचा माल दहा मिनिटांत घरपोच आला. हरिणीने तो आपल्या संगणकावर चढवला. त्याने काही विचारलं नाही, काही तपासलं नाही, सुतासारखा सरळ उघडला. मामांनी रबरी पेटीवर बोटं ठेवली आणि खोलीभर त्यांचा मृदंग बोलला. त्यांनी एक छोटा तुकडा वाजवला, दुसरा वाजवला, चेहरा उजळला. हरिणीने टाळ्या पिटल्या. ऋजुतालाही क्षणभर वाटलं, सुटलो.

मग मामांनी चष्मा वर करून पडदा जवळून पाहिला. ऋजुताने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मृदंग वादन : तंजावूर राजगोपाल. ते नाव तिथे नव्हतं. त्या जागी कुलूप फोडणाऱ्याने एका कवटीचं चित्र आणि स्वतःचं टोपणनाव चिकटवलं होतं.

मामांनी हात काढून घेतला. "परत एकदां," एवढंच ते म्हणाले. मग पेटी बाजूला सारून, "हें मी वाजवणार नाहीं. हात माझे आहेत, तरी नाहीं."

ते आतल्या खोलीत निघून गेले. हरिणी त्यांच्यामागे गेली नाही, जागच्या जागी बसून पदराचा काठ मुडपत राहिली. ऋजुताला त्या क्षणी कुणाचाच राग आला नाही, फक्त लाज वाटली. कुलूप होतं तिथे मामा दाराबाहेर, आणि कुलूप नव्हतं तिथे मामांचं नावच घराबाहेर. दोन्हीकडून मार त्यांनाच.

तिने अंबत्तूरला शार्दूलला फोन लावला. नवी प्रत बाहेर काढायची तर दोघांचीही संमती लागे, कारण तंबोऱ्याच्या प्रकरणानंतर शार्दूलने तसा नियमच करून घेतला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस. ताकच काय, पाणीही फुंकून पीत असे.

"बिनकुलपाची प्रत?" तो ओरडलाच. "ऋजुता, पुन्हा? मागच्या वेळी भीड पडली, आता दया आली. उद्या काय, परवा काय?"

"बिनकुलपाची नको म्हणतेय मी. कुलूप असू दे. मामांनाही हवंय. पण मला सांग, आपल्या कुलपाने आजवर किती चोर पकडले?"

तिने त्याला फुटलेल्या प्रतीचं आणि त्यावरच्या कवटीचं सगळं सांगितलं.

"ते तर कवट्या काढून मोकळे झाले. आपण अडवलं कुणाला? ज्याचा मृदंग आहे त्याला. आपण दाराशी राखणदार ठेवला, शार्दूल, आणि त्याला सांगितलं की जरा संशय आला की घरमालकाच्या डोक्यात काठी घाल."

"मग काय करायचं म्हणतेस? चोराला पाट मांडायचा?"

"संशय आला तर संशय आला असं सांगायचं. आपल्याला कळवायचं. चौकशी मागाहून करायची. पण वाजणारं वाद्य मध्येच बंद करायचं नाही. कार्यक्रम चालू असताना तर कधीच नाही. आणि पहिल्या पानावरचं नाव पुसलं, तर मात्र आवाजच येणार नाही. कुलूप तिथे घालू, सगळ्यात घट्ट."

शार्दूल हट्टी होता, पण मूर्ख नव्हता. "तेही फोडतील कुणीतरी," तो म्हणाला.

"फोडू देत. प्रामाणिक माणसाला तरी आपण चोर म्हणणार नाही."

"हं." मग अगदी हळू, "मामा वाजवणार आहेत ना पण?"

"तू हो म्हणालास तर."

"कर. मी संगणकापाशी बसतो. आणि त्यांना सांग, घड्याळाला हात लावू नका म्हणावं."

ऋजुता जमिनीवर मांडी घालून कामाला लागली. सांभार-भात तिच्या शेजारी निवून गेला. बदल मोठा नव्हता, पण घाईत एक दोरा ओढला की दुसरीकडे गाठ बसे. नव्या सूचनेचं वाक्य तिने हरिणीला तमिळमध्ये लिहायला सांगितलं, कारण मामांना ती लिपी सवयीची. हरिणीने विचार करून लिहिलं आणि डोळे पुसता पुसता स्वतःच हसली. शेवटी शार्दूलची संमती आली, नवी प्रत चढली, ऋजुताने संगणकाची वेळ बरोबर केली आणि आतल्या दाराशी जाऊन म्हणाली, "मामा, या. नाव वाचून घ्या."

मामांनी चष्मा वर केला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीवर टांगलेलं जरीकाठी अंगवस्त्र काढून त्यांनी खांद्यावर टाकलं. "सरि," ते म्हणाले. "निघूं."

रिक्षात ऋजुताने त्यांना तीनदा बजावलं की आता घड्याळाला हात लावायचा नाही. मामांनी तिन्ही वेळा अगदी गरीब चेहऱ्याने मान डोलावली.

सभागृहात अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. राहुकाळच तो. पण पुढच्या दोन रांगांत तंजावरकडची म्हातारी मंडळी हजर होती, पाठ झालेल्या दिंड्या ओठांत घोळवत. हरिणी नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभी राहिली. पहिली साकी तिने जरा वरच्या सुरात धरली, आवाज थरथरला. तेवढ्यात डावीकडून मामांचा मृदंग आला. घाई नाही, धक्का नाही, तिच्या पाठीवर हात ठेवावा तसा. तिचा सूर खाली बसला आणि मग ती जी निघाली ती थांबलीच नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजीने मोठ्याने "शाब्बास गे!" म्हटलं. ऋजुता पडद्याआड, मामांच्या पाठीमागे बसली होती. तिला आपले डोळे भरून येताहेत हे कळलं आणि तिने ते येऊ दिले.

कथा रंगात आली असताना मामांच्या संगणकाच्या कोपऱ्यात एक पिवळी पट्टी उमटली. ऋजुता गुडघ्यांवर पुढे सरकली. पट्टीवर हरिणीची तमिळ अक्षरं होती : तुमचं घड्याळ मागे गेलेलं दिसतंय. आत्ता वाजवा, मग बोलू.

कार्यक्रमाआधी ती कॉफी आणायला गेली होती, तेवढ्यातच मामांनी घड्याळाला हात लावला होता तर!

मामांनीही पट्टी वाचली. त्यांचे खांदे हसण्याने हलले, पण बोटं हलायची तशीच हलत राहिली. त्यांनी मान किंचित मागे वळवून ऋजुताकडे पाहिलं, पकडलेल्या पोरासारखं, आणि पुढचा तुकडा दुप्पट लयीत घेतला. हरिणीने चिपळ्या उंच धरून त्यांना दाद दिली.

बाहेर मैलापूरच्या सगळ्या घड्याळांत राहुकाळ भरात आला होता. मामांच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते, आणि मृदंग वाजत होता.