चुडामणचे नाव असलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी फौजी पाण्याची बाटली आहे. अंग ॲल्युमिनियमचे, त्यावर बूड उघडे ठेवणारा खाकी लोकरी कापडाचा अंगरखा, आणि जवानाच्या कमरेला नीट बसावी म्हणून एका बाजूने पोट आत घेतलेले. मी कोणाची, हे मात्र लगेच विचारू नका. तिथेच माझा सगळा घोळ आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. ठोकले, तापवले, एवढेच. पुढे मी धुळ्याच्या देवपुरातल्या चुडामण नावाच्या जवानाच्या वाट्याला आले. त्याने पहिल्याच दिवशी खिळ्याने माझ्या बुडावर आपले नाव कोरले. नवी कोरी होते मी, मला भारी राग आला! पण त्याने मला इतके जपले की राग कुठल्या कुठे गेला. अंगरखा उतरवून मला राखेने लख्ख घासून तो शेजारच्या खाटेवरच्या निंबाला चिडवायचा, "तुनी बाटली देख, म्हैस बी तोंड लावत नही." निंबा चोपड्याकडचा, केळीबागा असलेल्या घरातला. परक्या मुलखात दोघांची बोली एक, म्हणून दोघांचे सगळे बरोबरच चालायचे.

१९८७ साली त्यांना श्रीलंकेत नेले. आपण शांतता राखायला चाललो, असे सगळे म्हणत होते. सुरुवातीला तिथल्या लोकांनी हारही घातले. मग त्याच गल्ल्यांतून गोळ्या येऊ लागल्या. आपला कोण आणि वैरी कोण, हे बंदूक हातात असलेल्यांना कळेना, तिथे माझ्यासारख्या बाटलीला काय कळणार? एका दुपारी केळीच्या बागेत मोठी चकमक झाली. त्या बागेत मी शिरले ती चुडामणच्या कमरेला आणि बाहेर पडले ती निंबाच्या कमरेला. मधले काही मला धड सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निंबा सुट्टीवर घरी आला आणि मी त्याच्या घरच्या खुंटीवर लटकले. गावातली माणसे यायची आणि विचारायची, "किती मारलात?" निंबा कधी दोन सांगायचा, कधी सात. मी खुंटीवरून ऐकायचे आणि चक्रावून जायचे. स्वतःच्या केळीबागेत तर तो पाऊल टाकत नव्हता. त्याची आई भिकुबाई शेजारणींना सांगायची, "पोऱ्या मना फौजमा जाईसन साहेब व्हई गया!" त्याची बायको कुंदाबाई मात्र त्याच्याकडे बघत होती. निंबा सकाळी मला काठोकाठ भरायचा आणि संध्याकाळी सगळे पाणी अंगणात ओतून द्यायचा. एक घोटही प्यायचा नाही.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गल्लीत भांड्यांवर नावे घालणारा आला. बायका नवे डबे, पातेली घेऊन निघाल्या. नवऱ्याची बाटली, तिच्यावर त्याचे नाव हवे, म्हणून कुंदाबाईने मलाही बरोबर घेतले. तिला वाचता येत नव्हते. कारागिराने मला उलटे केले आणि तो म्हणाला, "बाई, हिच्यावर तर चुडामण लिहेल शे. घासी काढू?" त्याने कानस उचलली. नाव गेले तर मागे मी उरेन की नाही, मला काही समजेना. तेवढ्यात खुंटी रिकामी बघून निंबा अनवाणीच धावत आला. "हात नको लावू तिले!" सगळी गल्ली त्याच्याकडे बघत राहिली.

घरी ओट्यावर बसल्यावर कुंदाबाईने मला मधे ठेवले. "आते तरी सांगा. हाई बाटली कोनी शे?"

"चुडामणनी," निंबा म्हणाला. "केळीसना बागमा व्हतूत आम्ही. आपला बागसारखाच बाग. कोन कोनले मारी राह्यना, काहीच समजे नही."

मग त्याने सांगितले. त्याची स्वतःची बाटली रिकामी झाली होती. माझ्यात दोनच घोट उरले होते; चुडामणने मला त्याच्या हातात दिले, ती रिकामी बाटली भरून आणायला घेतली आणि तो बागेच्या कडेच्या विहिरीकडे सरपटत गेला. तो परत आलाच नाही.

"मी त्याले पानी आन सांगं, का तो सोताच गया, माले आठवत नही, कुंदा. रोज आठवस. रोज येगळंच आठवस."

मित्रांनो, मी तेव्हा निंबाच्या छातीशीच होते! पण गोळ्यांचा असा कडकडाट चालला होता की मलाही खात्री नाही. कधी वाटते, निंबा "पानी" म्हणाला. कधी वाटते, तो माझ्याच पोटातल्या पाण्याचा आवाज होता. साक्षीदार म्हणून मी अगदीच कुचकामी निघाले, आणि याचे मला फार वाईट वाटते.

कुंदाबाईने विचारले, "त्यानी माय शे ना देवपूरले?"

"शे. पन तिनी इचारं तर काय सांगू?"

"माले सांगं तेच. माहीत नही म्हना."

दोघे मला घेऊन एसटीने धुळ्याला आले आणि पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात पोचले. चुडामणची आई द्रौपदाबाई दारातच गहू निवडत बसली होती. निंबाने मला तिच्या पुढ्यात ठेवले. तिने मला उलटे केले आणि अक्षरांवरून बोट फिरवले. "हाऊ त्यानाच हात शे," ती म्हणाली. "लहानपने घरना तांब्या बी असाच खराब करेल व्हता. मी मारं व्हतं त्याले." मग तिने विचारलेच, "कसा गया तो?"

निंबा चाचरत म्हणाला, "पानी लेवाले गया, मावशी. मनासाठे. मी सांगं का तो सोताच गया, माले माहीत नही."

द्रौपदाबाई उठली आणि मला घेऊन आत गेली. निंबाला वाटले, आता ही बाहेर यायची नाही. तो चपला शोधू लागला. पण आत माझ्या पोटात माठातले गार पाणी पडत होते. बाहेर येऊन तिने मला त्याच्या हातात दिले.

"पानी लेवाले गया व्हता ना तो? मंग पे."

निंबाने मला तोंडाला लावले. निम्मे पाणी शर्टावर सांडले, पण तो प्याला. त्या बागेनंतर पहिल्यांदाच तो माझ्यातून पाणी प्याला. कुंदाबाईने पदर डोळ्यांना लावला.

तेव्हापासून मी देवपुरातच आहे, त्या खराब केलेल्या तांब्याशेजारी. निंबा सुट्टीवर आला की येतो, पाणी पितो, जातो. मी चुडामणची की निंबाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूवर कोणाचे नाव दिसले तर ते घासून टाकू नका. आणि लढाईवरून आलेल्या माणसाला किती मारले ते विचारू नका. आधी त्याला पाणी द्या. मग तो जे सांगेल ते ऐका, आणि माहीत नाही म्हणाला, तर तेही खरे माना.