बगळ्याची जागा

महिनाभर घरात तेजलचं एकच प्रवचन चाललं होतं. "जलरंगात पांढरा रंग नसतो! पांढरं म्हणजे कागद. तो लावायचा नसतो, सोडायचा असतो." ती नववीत होती आणि ड्रॉइंगच्या सरांनी एकदा "हात चांगला आहे" म्हटल्यापासून तिचे पाय भांडुपच्या जमिनीला टेकत नव्हते. आंतरशालेय प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, हे तिने वर्गात जाहीरही करून टाकलं होतं.

चित्र उतरलंही होतं झकास. खाडी, ओला चिखल, धूसर तिवरं आणि मधोमध बगळा. बगळा म्हणजे काय, तर भोवतीने रंग फिरवून राखलेला कोरा कागद. चित्र पंख्याखाली वाळत ठेवून ती क्लासला गेली.

परत येऊन बघते तर बगळ्याच्या जागी फ्लेमिंगो! जाड, गुलाबी, ठसठशीत.

"आई! हे कोणी केलं?"

"मीच," रत्नप्रभा कणीक मळता मळता म्हणाली. "मधेच भोक राहिलेलं गं. मार्क कापले असते ना? तुझे सहावीतले पोस्टर कलर पडलेले, पांढऱ्यात लाल मिसळला. हल्ली खाडीत तेच तर येतात."

"वाट लावलीस यार!"

"आईला यार म्हणतेस?"

चित्र दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यायचं होतं. तेजलने ते तोंड फुगवून दिलं.

प्रदर्शनात परीक्षक मृणालिनीबाई नेमक्या त्याच चित्रापुढे थांबल्या. "खाडी साहेबी थाटाची, पारदर्शक. आणि पक्षी आपल्या जुन्या लघुचित्रांसारखा, रंगात पांढरा घालून दाट केलेला! साहेब रंगपेट्या घेऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे असंच रंगवायचे. दोन्ही इतिहास एका कागदावर! पहिला नंबर. मुली, सुचलं कसं तुला हे?"

'असंच सुचलं' हे तेजलच्या ओठांवर आलंही होतं. पण मागे आई टाचा उंचावून बघत होती, आपला पक्षी भिंतीवर कसा दिसतो ते.

"पक्षी माझा नाही, बाई," ती पुटपुटली. "आईचा आहे. माझी नुसती खाडी."

दोघींचं चित्र नियमात बसत नव्हतं. नंबर मुलुंडच्या एका मुलाला गेला. आणि बाईंनी रत्नप्रभेला मे महिन्याच्या चित्रकला शिबिरात शिकवायला बोलावलं.

आता घरात दुसरं प्रवचन चालतं.

"सोडायचं नसतं गं तेजू, भरायचं असतं. जा, माझे ब्रश धुऊन आण बघू."