गावाचा रकाना

तिसरा शनिवार.

बासष्ट ओळी.

हिरवा डबा, आत शेंगदाण्याची चटणी. गेटवरून परत आलेला.

सेमाडोह.

"माहे बाबा सुरतेले असतात."

यातल्या कशाचाच कशाशी संबंध लागणार नाही, असं प्राजक्ताला वाटलं होतं.

अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ती कॉम्प्युटरच्या पोरांना कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती आणि धोरण शिकवायची. राहायला अकोल्याला, रोज एसटीने येणं-जाणं. त्या मंगळवारी विषय होता खासगीपणा. परदेशातली उदाहरणं ऐकून पोरं पेंगायची, म्हणून तिने कॉलेजातलेच बासष्ट रजेचे अर्ज घेतले, एका अर्जाची एक ओळ. शिक्षण अर्ध्यात कोण सोडेल हे यंत्राने आधीच ओळखावं का, यावर वाद घालायचा होता. नावं काढली. हजेरी क्रमांक काढले. फोन काढले. दोनदा तपासलं. गाव तेवढं राहू दिलं; कोण किती लांबून येतं ते कळावं म्हणून.

वऱ्हाडात नवा माणूस भेटला की नावाआधी गाव विचारतात. तीही विचारायची. तरी राहू दिलं.

पडद्यावर सतरावी ओळ आली. गाव: सेमाडोह. रजेचं कारण: अकोला जेल, वडिलांची भेट.

वर्गात सेमाडोहची एकच होती.

"अबे, मोनालीचे बाबा तं सुरतेले होते ना?" मागच्या बाकावरून शेखर म्हणाला.

"सुरतची गाडी अकोल्यातच अडकली वाट्टे!" त्याच्या शेजारचा.

वर्ग हसला. प्राजक्ताने धडपडत पडदा बंद केला. मोनालीने पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत घातली आणि ती निघून गेली.

अर्जावर खरं कारण लिही, असं तिला प्राजक्तानेच सांगितलं होतं. "खोटं कशाला? माझ्याजवळच राहील."

त्यानंतर मोनालीने तिचा एकही फोन उचलला नाही. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, मोनालीच्या अर्जात असायचा त्याच दिवशी, प्राजक्ता जेलच्या गेटसमोर जाऊन उभी राहिली. अकराच्या सुमारास मोनाली आली. हातात हिरवा डबा. आत घेत नाहीत हे माहीत असूनही दर वेळी आणायची.

"मॅडम, तुमी काहून आल्या?"

"माफी मागायला. परत ये, मोनाली. मी सगळ्या वर्गासमोर सांगते, चूक माझी होती."

"म्हंजे आनखी एकदा सांगसान?"

प्राजक्ता तिच्यासोबत भेटीच्या रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

"हासले त्याचं काई नाई, मॅडम. आता पोरी फोनवर लय जपून बोलून राहिल्या माह्याशी. थे नाई सोसत." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "बाबाले आज सांगाचं हाय, कॉलेज सोडलं म्हनून."

रांगेत पुढे उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई वळल्या. "कौनसा गाँव, बेटी?"

मोनालीने एकदा प्राजक्ताकडे पाहिलं.

"अमरावती," ती म्हणाली.

प्राजक्ताचा विषय ऐच्छिक होता. जूनमध्ये सगळ्यांत आधी मोनालीने तो निवडला होता.