मयुरीचा आकडा

दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका समुपदेशन केंद्रात मयुरीची बुद्धिमत्ता चाचणी झाली आणि आकडा आला एकशे एकेचाळीस. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चोपड्यात परतल्यावर तिच्या वडिलांनी, नवलने, गल्लीत पेढे वाटले. शाळेत सर तिला आकड्यानेच हाक मारू लागले. तेव्हापासून मयुरीने वर्गात हात वर करणं हळूहळू सोडून दिलं. चुकलं तर?

आता पुण्यातल्या हुशार मुलांच्या शिबिरासाठी जळगावला पुन्हा चाचणी होती. सकाळपासून तिला दोनदा उलटी झाली. एसटीत तिने आईचा हात सोडला नाही.

"आई, या वेळी कमी आला, तर पहिला खोटा होता म्हणतील?"

सविताने पिशवीतून बाटली काढली. "पाणी पी," ती म्हणाली.

चाचणी घ्यायला मागच्या वेळच्याच दीपमाला मॅडम होत्या.

"नदी आणि रस्ता, यांत सारखं काय?"

मयुरीच्या डोक्यात चार-पाच गोष्टी एकदम आल्या. त्यातली बरोबर कोणती? मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"माहीत नाही."

पुढच्या प्रश्नालाही तेच. असं अकरा वेळा.

शेवटी मॅडमनी सविताला आत बोलावलं. या वेळी एकशे सोळा. मयुरी रडली नाही. खुर्चीची कड घट्ट धरून तिने विचारलं, "बाकीचे पंचवीस कुठे गेले?"

"कुठेच गेले नाहीत, बाळा. नदी आणि रस्ता, खरंच काही सुचलं नव्हतं?"

"सुचलं होतं. दोन्हींवर पूल बांधतात."

मॅडम हसल्या. "मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या पुस्तकात नसेल तर?"

मॅडमनी पुस्तिका उघडून मान्य उत्तरांची यादी बोटाने वरून खाली पाहिली. पुन्हा पाहिली. त्यांचं हसू मावळलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "शून्य द्यावं लागलं असतं."

पोर उगाच भिते, असं सविताला इतके दिवस वाटत होतं.

"मग हिने करायचं काय, मॅडम?"

"खरं सांगू, ताई? यादीबाहेरचं मोजायला माझ्याकडे काही नाही." मॅडमनी अहवालाखाली हाताने लिहिलं: मुलगी फार घाबरलेली होती, हा आकडा धरू नये.

बाहेर येताच नवलचा फोन आला. "कितला उना आकडा?"

मयुरी पांढरीफटक होऊन आईच्या तोंडाकडे बघत होती.

"एकशे सोळा," सविता म्हणाली. "आणि ती आता परत चाचणीला बसणार नाही."

नवल म्हणाला, "घर या मंग."

शिबिरात नाव लागलं नाही. नवल त्यावर चकार शब्द बोलला नाही, आणि मयुरीला त्याचीच जास्त भीती वाटायची. पुढे महिनाभर शाळेच्या वेळी तिचं पोट दुखत राहिलं. सविता रोज तिला फाटकापर्यंत सोडायची आणि ती वर्गात शिरेपर्यंत तिथेच उभी राहायची.